बाय समुदायाचा नेटवर्किंग दिवस: पहिल्यांदाच भरवणाऱ्यांसाठी

पहिला नेटवर्किंग दिवस संपला तेव्हा माझ्या पिशवीत ३६ पत्रकं होती, ११ व्हिजिटिंग कार्डं होती आणि ठरलेली गोष्ट एकही नव्हती. सगळे छान बोलले होते. ‘संपर्कात राहू’ असं तर निदान वीसेक जण म्हणाले. पुढच्या तीन महिन्यांत त्यातल्या एकाचाही फोन आला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कोणाला केला नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही निम्म्याच संस्था बोलावल्या, भाषणं जवळजवळ काढून टाकली आणि अख्खा दिवस एका प्रश्नाभोवती बांधला: परत गेल्यावर तुमच्या कार्यालयात नेमकं काय बदलेल? खाली जे लिहिलंय ते त्या दुसऱ्या आणि त्यानंतरच्या खेपांमधून हाती लागलेलं.

नेटवर्किंग दिवस म्हणजे काय, ते आधी. एका बाजूला बायसेक्शुअल, म्हणजे एकापेक्षा अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल आकर्षण वाटणाऱ्या माणसांचा एखादा लहानसा गट. दुसऱ्या बाजूला या माणसांशी कधी ना कधी गाठ पडणाऱ्या संस्था: हेल्पलाइन, आरोग्य केंद्र, समुपदेशक, कायदेविषयक मदत, युवा केंद्र, ग्रंथालय, कामगार संघटना. त्यांनी एक दिवस एका जागी बसायचं आणि कोणाकडे काय आहे, कोणाचं कुठे अडतंय हे समजून घ्यायचं. हा मेळावा नाही, प्राइड नाही, आणि ‘बायसेक्शुअल म्हणजे काय’ यावरचं व्याख्यान तर नाहीच नाही.

शब्द आधी ठरवा

मराठीत पत्रक लिहायला बसलात की पहिल्याच ओळीत अडायला होतं. ‘उभयलिंगी’ हा शब्द बरेच जण वापरतात. पण शाळेच्या विज्ञानात उभयलिंगी फूल म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेलं फूल. वाचणाऱ्याच्या डोक्यात शरीराची रचना येते, आकर्षणाचा विषय मागे पडतो, शिवाय इंटरसेक्स (जन्मतः शरीराची लिंगरचना ठरीव स्त्री-पुरुष साच्यात न बसणाऱ्या) व्यक्तींशी गल्लत होते ती वेगळीच. ‘उभयलैंगिक’ त्यापेक्षा बरा. ‘द्विलैंगिक’ही चालतो, पण त्यातल्या ‘द्वि’मुळे ‘म्हणजे लिंगं दोनच का?’ असा वाद तुमच्याच गटात सुरू होईल, आणि तो एका बैठकीत संपत नाही हे अनुभवाने सांगते. आम्ही शेवटी पत्रकावर ‘बायसेक्शुअल’ लिहितो आणि बोलताना ‘बाय’ म्हणतो.

व्याख्या मात्र एका वाक्यात तयार ठेवा. अमेरिकन कार्यकर्त्या रॉबिन ऑक्स यांची व्याख्या बरीच वापरली जाते. तिचा आशय असा: एकापेक्षा अधिक लिंगांच्या व्यक्तींबद्दल आकर्षण वाटू शकणं, ते एकाच वेळी, एकाच प्रकारे किंवा सारख्याच प्रमाणात वाटलं पाहिजे असं नाही. ही व्याख्या पाठ असली की ‘म्हणजे दोन्हीकडे पन्नास-पन्नास टक्के का?’ या प्रश्नात वेळ जात नाही.

कोणाला बोलवायचं

नवखे आयोजक पहिली यादी करतात ती एलजीबीटी संस्थांची. त्या हव्यातच, पण फक्त त्याच बोलावल्या तर ओळखीचीच माणसं पुन्हा एकमेकांना भेटतात. तुमच्या गटातल्या माणसांना गेल्या दोन वर्षांत कुठे कुठे जावं लागलं, हे विचारा. एखाद्या डॉक्टरने काय विचारलं, समुपदेशकाने काय गृहीत धरलं, वकिलाकडे काय लपवावं लागलं. यादी तिथून निघते.

एक प्रकारची संस्था मी कधीच वगळत नाही, ती म्हणजे घरगुती हिंसाचारावर काम करणारी. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१० मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत, जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग आयुष्यात कधीतरी सोसलेल्या बायसेक्शुअल स्त्रियांचं प्रमाण ६१ टक्के निघालं. लेस्बियन स्त्रियांमध्ये ते ४४ टक्के आणि विषमलैंगिक स्त्रियांमध्ये ३५ टक्के होतं. आकडे एका देशाचे आहेत, आपल्या ठिकाणी तेच असतील असं नाही. पण हे तीन आकडे निमंत्रणात लिहिले तेव्हा जी संस्था दोनदा ‘आमचा हा विषय नाही’ म्हणाली होती, तिने दोन माणसं पाठवली.

‘आमच्याकडे बाय कोणी येतच नाही’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. यावर वाद घालू नका, गणित मांडा. गॅलप या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत स्वतःला एलजीबीटी म्हणवणाऱ्या प्रौढांपैकी ५४.६ टक्के बायसेक्शुअल होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्याच देशातली प्यू संस्थेची २०१३ ची पाहणी सांगते की आपल्या जवळच्या सगळ्या किंवा बहुतेक माणसांना आपल्याबद्दल माहीत आहे असं म्हणणारे गे पुरुषांत ७७ टक्के, लेस्बियन स्त्रियांत ७१ टक्के आणि बायसेक्शुअलांत फक्त २८ टक्के. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की पुढे काही बोलावं लागत नाही. माणसं येतात, सांगत नाहीत. नवऱ्याबरोबर आलेली बाई विषमलैंगिक धरली जाते, तीच मैत्रिणीबरोबर आली की लेस्बियन. तिला कोणी विचारलेलंच नसतं.

संख्या दहा-बारा संस्थांच्या वर नेऊ नका. आणि संस्थेला बोलावताना पदाला नको, कामाला बोलवा. अध्यक्ष येतात, दीपप्रज्वलनासारखं चार शब्द बोलतात आणि दुसऱ्या कार्यक्रमाला निघून जातात. आपल्याला हवा असतो तो फोन उचलणारा माणूस, नोंदणीच्या खिडकीत बसणारी बाई, नवीन स्वयंसेवकांना प्रशिक्षण देणारी व्यक्ती. निमंत्रणात तसं सरळ लिहा. वाईट वाटत नाही कोणाला; वाटलंच तर अध्यक्षही येतात आणि तेव्हा मात्र पूर्णवेळ बसतात.

तारीख

२३ सप्टेंबर हा बायसेक्शुअल दृश्यमानता दिन, १९९९ पासून पाळला जातो. साहजिकच सगळ्यांना वाटतं की कार्यक्रम त्याच दिवशी ठेवावा. मी म्हणेन, ठेवू नका. त्या आठवड्यात तुमचे कार्यकर्ते दहा ठिकाणी वाटले गेलेले असतात. सहा-आठ आठवडे आधी घ्या, म्हणजे ‘२३ सप्टेंबरच्या आत हे करून दाखवाल का?’ असं संस्थांना विचारता येतं. मुदत आयती मिळते.

वाराचा तिढा जास्त अवघड आहे. संस्थांचे कर्मचारी कामाच्या दिवशी येतात, कारण ते त्यांच्या ड्युटीत धरलं जातं. तुमच्या गटातली माणसं मात्र नोकरीवर असतात आणि सुट्टी टाकताना कारण काय द्यायचं हा त्यांच्यासाठी साधा प्रश्न नसतो. दोघांनाही पूर्ण सोयीचा असा दिवस नाही. आम्ही कामाच्या दिवशी दुपारी दोन ते सात ठेवतो: पहिले अडीच तास संस्थांबरोबर, मग पाऊण तास मधली सुट्टी, आणि शेवटचा भाग नोकरीवरून सुटून येणाऱ्यांसाठी. बाय गटातल्या ज्यांना अर्धी रजा घ्यावी लागते त्यांना प्रवासखर्च आणि जमलं तर मानधन द्या. बाकी सगळे त्या खोलीत पगारावर बसलेले असतात, हे विसरलं जातं.

निमंत्रण, आणि माझी चूक

निमंत्रण एका पानाचं. हा दिवस का, कोण येणार, किती वाजता सुटणार, आणि दोन प्रश्न: तुमच्या संस्थेकडे असं काय आहे जे बाय माणसांना उपयोगी पडेल, आणि या माणसांबद्दल काय समजत नाही. उत्तरं कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी मागवा. दुसऱ्या प्रश्नाला येणारी उत्तरं कधी कधी अंगावर येतात. तरी ती खोलीत पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा घरी बसून वाचलेली बरी.

आता चूक. पहिल्या वर्षी मी आठवणीची ईमेल पाठवली ती सगळ्यांचे पत्ते ‘सीसी’त टाकून. संस्थांचे पत्ते तर होतेच, पण त्यात आमच्या गटातल्या सात जणांचे वैयक्तिक पत्तेही होते, खऱ्या नावांसकट. त्यातल्या एकीची सहकारीच एका संस्थेकडून येणार होती. दहा मिनिटांत तिचा फोन आला. ती चिडली नव्हती, ते जास्त लागलं. तिने फक्त विचारलं, ‘आता मी तिथे कोण म्हणून यायचं?’ ती आली नाही. त्यानंतर आमचा नियम असा की संस्थांची यादी वेगळी, गटाची वेगळी, दोन्ही ‘बीसीसी’त, आणि ‘पाठवा’ दाबायच्या आधी दुसऱ्या माणसाने पडदा बघायचा.

जागा आणि दार

चाकाची खुर्ची आत जाते का, स्वच्छतागृह कुठे, आवाज सहन न होणाऱ्यांसाठी एखादी शांत खोली आहे का, हे सगळं आदल्या दिवशी नाही, बुकिंग करण्याआधी स्वतः जाऊन बघा. याबद्दल बरंच लिहिलं गेलंय, मी लांबवत नाही.

ज्याबद्दल कमी बोललं जातं ते दार. बाहेरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत ‘बायसेक्शुअल’ लिहिलं की आपल्याला अभिमान वाटतो, पण आत येणाऱ्याला तो फलक ओलांडून रस्त्यावरच्या सगळ्यांसमोर आत यावं लागतं. एक तरुण रस्त्याच्या पलीकडून दोनदा गेला, तिसऱ्यांदा थांबला, फलकाकडे पाहिलं आणि निघून गेला. मी खिडकीतून बघत होते. बाहेर आता साधं ‘संस्था परिचय दिवस’ लिहितो. झेंडा आत.

झेंड्यावरून आठवलं: छापायला देताना पट्ट्यांचं प्रमाण लिहून द्या. मायकेल पेज यांनी १९९८ मध्ये केलेल्या या झेंड्यात वर गुलाबी आणि खाली निळा हे रुंद पट्टे, मध्ये त्यांच्या निम्म्या रुंदीचा जांभळा, प्रमाण २:१:२. सांगितलं नाही तर तीन सारखे पट्टे छापून येतात.

सही करायची हजेरीवही टेबलावर उघडी पडलेली असते आणि रांगेतला प्रत्येक जण वरची नावं वाचतो. त्याऐवजी सुट्या चिठ्ठ्या आणि एक बंद डबा. बिल्ल्यावर ज्याला जे नाव हवं ते; आडनावाची सक्ती नको, सर्वनामं लिहायची तर ऐच्छिक. आणि बिल्ल्यांचा रंग ‘समुदाय’ आणि ‘संस्था’ असा वेगळा करू नका. संस्थांकडून आलेल्यांमध्येही बाय माणसं असतात, आणि कोणता रंग उचलावा हे त्यांना दारातच, साहेबांसमोर ठरवावं लागतं. फोटो शेवटच्या दहा मिनिटांत, एका कोपऱ्यात, ज्यांना हवे त्यांनीच काढायचे. एरवी कॅमेरे बंद.

प्रत्यक्ष दिवस

सगळ्यांनी उभं राहून ओळख करून द्यायची पद्धत सोडा. २४ माणसं आणि प्रत्येकी दोन मिनिटं म्हणजे ४८ मिनिटं, आणि दोन मिनिटांत कोणी थांबत नाही. ओळखीचा कागद आधी पाठवा. सुरुवातीचं बोलणं पंधरा मिनिटांत आटपा. नमनालाच घडाभर तेल गेलं की टेबलांसाठी काही उरत नाही, आणि खरं काम टेबलांवरच होतं.

टेबलं अशी: चार ते पाच माणसं, दोन संस्था, बाय गटातला एक जण, एक वेळ पाळणारा. वीस मिनिटं, मग संस्था जागा बदलतात. प्रत्येक टेबलावर काम एकच. संस्थेने आपला एखादा रोजचा कागद आणायचा: नोंदणीचा फॉर्म, फोनवर बोलण्याची संहिता, प्रशिक्षणाची पानं, माहितीपत्रक. तो सगळ्यांनी मिळून वाचायचा.

दुसऱ्या वर्षीचं एक टेबल डोळ्यासमोर आहे. एका हेल्पलाइनवरून आलेल्या ताई सुरुवातीला हाताची घडी घालून बसल्या होत्या. ‘आम्ही भेदभाव करत नाही’ हे त्यांनी दोनदा सांगून झालं होतं. मग पर्समधून घडी केलेला फॉर्म काढला. तिसऱ्या ओळीत ‘लैंगिक कल’ आणि पुढे तीन चौकोन: विषमलैंगिक, समलैंगिक, अनिश्चित. आमच्या गटातल्या मुलाने काही भाषण केलं नाही. त्याने फक्त विचारलं, ‘मी कुठे टिक करू?’ ताईंनी फॉर्म परत स्वतःकडे वळवला, बराच वेळ बघितला. म्हणाल्या, ‘अनिश्चित असंच सांगतो आम्ही सगळ्यांना.’ मग स्वतःच पेन काढून ‘अनिश्चित’वर रेघ मारली आणि समासात बारीक अक्षरात ‘बाय’ लिहिलं. शेजारी प्रश्नचिन्ह काढलं, ते खोडलं.

ते पंधरा मिनिटांत झालं. व्याख्यानाने झालं नसतं.

आपल्या माणसांना आधी एक गोष्ट बजावून ठेवा: तुम्ही तिथे नमुना म्हणून बसलेले नाही. ‘तुम्हाला कधी कळलं?’, ‘घरी माहीत आहे?’, ‘मग लग्नाचं काय?’ हे प्रश्न येतातच. उत्तर द्यायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवावं, आणि नसेल द्यायचं तर ‘आपण फॉर्मवर येऊ या’ एवढं पुरतं. वेळ पाळणाऱ्याचं अर्धं काम हेच असतं. कोणीतरी ‘दोन्ही डगरींवर हात’ असा टोमणा मारेल, बहुतेक हसतहसत. त्याच्यावर तुटून पडू नका, पण सोडूही नका. ‘हे वाक्य तुमच्याकडे मदतीला आलेल्या माणसाने ऐकलं तर तो पुन्हा येईल का?’ असं विचारा आणि थांबा.

एलजीबीटी संस्थांबरोबर वेगळा ताण असतो. जुने राग, ‘तुम्ही सोयीने तिकडे जाता’ हा आरोप. अशा टेबलावर इतिहासाचा उपयोग होतो, मात्र हिशेब चुकता करायला नको. स्टोनवॉलच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांचा छापा पडल्यावर १९६९ मध्ये झालेल्या उठावाच्या, पहिल्या वर्षपूर्तीला, १९७० मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या मोर्च्याच्या आखणीत ब्रेंडा हॉवर्ड ही बायसेक्शुअल कार्यकर्ती होती. तरी वॉशिंग्टनच्या १९७९ आणि १९८७ च्या राष्ट्रीय मोर्च्यांच्या नावात फक्त लेस्बियन आणि गे होते. ‘बाय’ हा शब्द नावात आला तो १९९३ च्या मोर्च्यात. कामात पहिल्यापासून, फलकावर २३ वर्षांनी. कायद्याचे अभ्यासक केंजी योशिनो यांनी २००० साली मांडलं की विषमलैंगिक आणि समलैंगिक, दोन्ही बाजूंना बायसेक्शुअल माणसं नजरेआड राहण्यात आपापलं हित वाटतं. हे सांगितल्यावर एका जुन्या कार्यकर्त्याने पहिल्यांदा ‘आम्हीही केलंय ते’ असं कबूल केलं होतं. सगळे करत नाहीत.

चिठ्ठी

प्रत्येक टेबलावर कार्बन लावलेलं पावतीपुस्तक ठेवा. उठण्याआधी संस्थेने तीन ओळी लिहायच्या: काय बदलणार, कोण बदलणार, कधीपर्यंत. एक प्रत त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. ‘संवेदनशीलता वाढवू’ असं लिहिलं तर चिठ्ठी परत करा. ‘फॉर्ममधला चौकोन’, ‘नव्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात अर्धा तास’, ‘ग्रंथालयात पाच पुस्तकांचा कप्पा’, ‘आमच्या गटाचा नंबर तुमच्या यादीत’ असं काहीतरी, ज्याकडे बोट दाखवून झालं की नाही झालं हे सांगता येईल. आणि तुम्हीही चिठ्ठी लिहा. संस्थांना तुमच्याकडून काहीतरी हवं असतं: प्रशिक्षणाला बोलायला कोणी, पत्रक तपासायला कोणी. जेवढं जमेल तेवढंच कबूल करा. चार जणांच्या गटाने बारा प्रशिक्षणं अंगावर घेतली की काय होतं ते मी पाहिलंय, गट संपला.

तुम्ही आयोजक नसाल, एकटेच येणार असाल तर

उशिरा या. खरंच सांगते. मधल्या सुट्टीत आलात तर कोणाचं लक्ष नसतं. स्वागताच्या टेबलावर कोणतंही नाव सांगा, चालतं. ‘मी बाय आहे’ असं तिथे कोणाला सांगायची गरज नाही. ‘माहिती घ्यायला आलोय’ पुरेसं आहे. पत्रकं घेऊन निघून गेलात तरी चांगलं. बसावंसं वाटलं तर दाराजवळची खुर्ची आम्ही मुद्दाम रिकामी ठेवतो.

त्यानंतर

खरा नेटवर्किंग दिवस दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आणि नेमके तेव्हाच सगळे दमलेले असतात. म्हणून पाठपुराव्याचा माणूस आधीच ठरवा, आणि तो कार्यक्रमाच्या दिवशी खुर्च्या लावणारा नसावा. आठवड्याच्या आत प्रत्येक संस्थेला तिच्याच चिठ्ठीचा फोटो पाठवा, सोबत आभाराच्या दोन ओळी. सहा आठवड्यांनी फोन. ईमेल नको, फोन. ‘झालं का?’ असं विचारू नका, त्याने माणूस बचावात जातो; ‘कुठे अडलंय?’ असं विचारा. बहुतेक वेळा अडलेलं असतं ते एखाद्या समितीच्या सहीसाठी, आणि त्या समितीला एक पानाचं पत्र तुम्ही लिहून देऊ शकता.

उत्तरं एका साध्या तक्त्यात भरा: संस्था, चिठ्ठीतलं काम, आजची स्थिती, पुढचा फोन कधी. माणसांची नावं त्यात नकोत, पद पुरे.

हेल्पलाइनच्या ताईंना मी सहाव्या आठवड्यात फोन केला. नवा फॉर्म मंजूर झाला होता, पण जुने फॉर्म आठशेच्या वर शिल्लक होते आणि ते संपल्याशिवाय नवे छापायला कार्यालय तयार नव्हतं. ‘मग?’ मी विचारलं. म्हणाल्या, ‘मग काय, रोज सकाळी दहा-बारा फॉर्म घेऊन बसते. अनिश्चित खोडते, शेजारी बाय लिहिते आणि अनिश्चितला खाली नवा चौकोन काढते, कोणी खरंच अनिश्चित असतं ना.’ तक्त्यात त्या रकान्यात मी ‘अर्धं झालं’ असं लिहिलं आणि पुढचा फोन दोन महिन्यांनंतरचा टाकला.